दोन रिकाम्या ओळी

आमच्या कार्यालयात आवक नोंदवहीत रोजच्या नोंदी संपल्या की खाली दोन ओळी रिकाम्या सोडायची पद्धत होती. आलेल्या प्रत्येक कागदाला या वहीत क्रमांक आणि तारीख मिळते. संध्याकाळी शेवटच्या अर्जाची नोंद झाली की दोन ओळींना नुसते क्रमांक टाकायचे, पुढे काही लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशीची तारीख त्याखाली. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात ही पद्धत ज्यांनी मला समजावली, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे. आवक टेबलावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं आणि सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मीही तेच म्हणतो. इतका राग धरूनही त्यांच्याबद्दल एकेरी लिहिता येत नाही. आमच्या शाळेने लावलेलं वळण आहे, मोडत नाही.

"माणूस लांबून येतो," ते म्हणाले होते. "सुरगाण्याची बस दोनला येते म्हणतात, ती पाचलाही येते आणि येतही नाही. मुदत आज संपते, माणूस उद्या येतो. त्याला काय हाकलून द्यायचं? म्हणून दोन ओळी. एक त्याच्यासाठी, एक साहेबासाठी."

"साहेबांसाठी कशाला?"

"साहेबालाही कधी कधी कालचं उत्तर आज सुचतं."

मी हसलो. मला तो माणूस फार मोठा वाटला.

मोठा वाटण्याचं कारणही होतं. सटाण्याजवळच्या गावातून मी आलेलो. वडील लवकर गेले. आईने कांद्याच्या चाळीत निवडाईची कामं करून मला शिकवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. अकरावीचा फॉर्म भरून देणारे गुरुजी, वसतिगृहात मला खोली मिळावी म्हणून चार वेळा फोन करणारे रेक्टर, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घरी न्यायला देणारे तालुक्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल, या सगळ्यांचे उपकार मी आजही मोजून सांगू शकतो. नाशकात नेमणूक झाली तेव्हा त्या यादीत भाऊसाहेबांची भर पडली. फाईलला टॅग कसा ओवायचा, समासात किती जागा सोडायची, टिपणी कुठे संपवायची, हे त्यांनी शिकवलं. "हुशार आहेस," ते म्हणायचे, "पण हुशारी टिपणीत दिसू देऊ नकोस. साहेबाला वाटलं पाहिजे, हे त्यालाच सुचलं." पहिल्या दसऱ्याला मी त्यांना आपट्याची पानं देऊन वाकून नमस्कार केला होता. तो नमस्कार मला अजून खुपतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा थेंब टाकायला सांगितले, ठरल्या वेळी, एकही दिवस न चुकता. आईला थेंब टाकता यायचे नाहीत. मान वर करायची, बाटली दाबायची आणि थेंब गालावर. फोनवर विचारलं की म्हणायची, "टाकस ना रे भाऊ, रोज टाकस." शेजारची काकू आठवण झाली की टाकून जायची. मी पंचवटीत तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो, आणि आई गाव सोडायला तयार नव्हती. उपाय एकच होता. सटाण्याच्या आमच्या उपकार्यालयात एक जागा रिकामी होती. विनंती बदलीचे अर्ज मागवले होते. आजारी आई, एकुलता मुलगा. नियमाने माझा नंबर पहिला लागणार होता.

मी अर्ज लिहिला. आईच्या डोळ्यांविषयी तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास भाऊसाहेबांच्या हातात दिला. टेबलासमोर बाहेरच्या लोकांची रांग होती.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "आधी या लोकांना मोकळं करतो. तुझं काय, घरचंच काम. टाकतो नंतर."

मी पोच मागितली नाही. अर्ज मिळाल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यायचा असतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडेच पोच मागायची, म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा. आमच्या कार्यालयात कोणीच असं करत नसे. ती माझी चूक. मी ती मान्य करतो, म्हणजे बाकीच्या चुका ज्याच्या त्याच्या नावावर लिहिता येतात.

महिन्याभराने यादी लागली. सटाण्याची जागा दुसऱ्याला मिळाली होती. त्या गृहस्थांचं सासर तिकडचं, तिकडेच घर बांधायला काढलेलं. माझ्या नावापुढे शेरा होता: अर्ज मुदतबाह्य. मी नोंदवही उघडली. शेवटच्या दिवसाखालच्या दोन्ही ओळी भरलेल्या होत्या. एकीत साहेबांचं एक जुनं पत्र, दुसरीत त्या गृहस्थांचा अर्ज. दोन्ही नोंदींची शाई वरच्या नोंदींपेक्षा वेगळी. माझा अर्ज त्यानंतर दोन दिवसांनी नोंदवलेला, भाऊसाहेबांच्याच सुंदर अक्षरात.

ते चहा पीत होते. मी वही समोर धरली.

"अरे," ते म्हणाले, "तो दुसऱ्या दिवशी आला. वरून फोन होता. तुझा अर्ज ड्रॉवरमध्येच होता, म्हटलं उरलेल्या ओळीत टाकू, तर साहेबांचं पत्र आलं. मग काय करणार? तू आपल्यातला. बाहेरच्याला नाही म्हणता येत नाही, आपल्यातल्याला समजावता येतं. पुढच्या वर्षी बघू."

"अर्ज वाचला होता तुम्ही?"

"विषय वाचला ना. विनंती बदलीबाबत. आवकवाला विषयच वाचतो बाळा, आख्खा कागद वाचत बसलो तर रांग सीबीएस स्टँडपर्यंत जाईल."

शेजारच्या टेबलावर आस्थापनेचं काम बघणाऱ्या ताई हसल्या. मीसुद्धा हसलो.

पुढच्या वर्षापर्यंत आईचा उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. मी सिडकोत दोन खोल्या घेतल्या आणि तिला घेऊन आलो. डाव्या डोळ्यात थेंब टाकायचे, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ. दुपारच्या थेंबासाठी मी जेवणाच्या सुट्टीत सायकलने घरी जायचो. कार्यालयात कोणी विचारलं तर सांगायचो, आईच्या हातचं जेवायला जातो. भाऊसाहेब म्हणायचे, "नशीबवान आहेस."

त्या शब्दाची परतफेड करायची, हे मी तेव्हाच ठरवलं. कशी, ते ठाऊक नव्हतं.

मग संगणकावरची आवक आली. प्रत्येक अर्ज स्कॅन करायचा, पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय टाईप करायचा. क्रमांक, तारीख आणि वेळ यंत्र स्वतः टाकणार. प्रशिक्षणाला प्रत्येक कार्यालयातून एकजण बोलावला होता. आमच्याकडून 'मास्टर ट्रेनर' म्हणून मला पाठवलं, कारण मी सर्वांत लहान होतो आणि माझं टायपिंग बरं होतं. सगळेजण पंख्याखाली पेंगत होते. शिकवणारा मुलगा म्हणाला, "तारीख मागे घेता येत नाही," आणि मी ताठ बसलो. हात वर करून विचारलं, "कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही सर."

त्या दिवशी मी परत आलो तो या यंत्राचा भक्त होऊन. लोकांना वाटलं, पोराला संगणकाची आवड आहे.

आमच्या कार्यालयाने नवी पद्धत कशी स्वीकारली, ते सांगण्यासारखं आहे. पहिले दोन महिने संगणकावर प्लास्टिकचं कव्हर होतं, धूळ बसू नये म्हणून. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. एक पाकळी कीबोर्डात गेली आणि चार दिवस 'क' उमटेना. पासवर्ड सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्याच कडेला चिकटवले. आलेला अर्ज स्कॅन करायचा, स्कॅनची प्रिंट काढायची, ती फाईलला लावायची आणि वर लाल फीत. ताई म्हणायच्या, "मास्टर ट्रेनर, माझा माऊस रुसलाय, जरा समजूत काढा त्याची." सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचे चेहरे शाळेला सुट्टी मिळाल्यासारखे व्हायचे.

भाऊसाहेबांनी मात्र विरोध केला नाही. त्यांनी नुसती वही चालू ठेवली. "यंत्र तुमचं, वही माझी," ते म्हणाले. आधी वहीत लिहायचं आणि मग सवडीने यंत्रात टाकायचं, असं दोन-दोन दिवस चाललं. वहीत दोन रिकाम्या ओळी होत्याच.

त्याच सुमारास नवीन मॅडम अधिकारी म्हणून आल्या होत्या. मी टिपणी लिहिली: दोन नोंदी समांतर ठेवल्याने विसंगती संभवते, सबब जुनी नोंदवही बंद करण्यास मान्यता द्यावी. हुशारी दिसू न देता लिहिली, शिकवल्याप्रमाणे. मॅडमनी सही केली आणि खाली लिहिलं, रिकाम्या ओळी छेद देऊन बंद कराव्यात, मास्टर ट्रेनर यांनी कार्यवाही करावी.

मी लाल पेन विकत घेतलं. कार्यालयात होतं, तरी विकत घेतलं. भाऊसाहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढली, वही पुढ्यात घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथे जिथे ओळ रिकामी, तिथे पट्टी ठेवून लाल रेघ. ते समोर बसून बघत होते. दोन तास लागले. मध्ये शिपाईमामा चहा ठेवून गेले, मी घेतला नाही.

"बारीक मार," भाऊसाहेब एकदा म्हणाले. "मागच्या पानावर उमटतंय."

मी पेन आणखी दाबलं. शेवटच्या नोंदीखाली मॅडमची सही घेतली आणि वही अभिलेखात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, जमा केली. त्या दुपारी थेंब टाकायला मी उशिरा पोहोचलो. आई ओट्याजवळ मान वर करून बसली होती, बाटली हातात घेऊन.

मग मी त्यांना यंत्र शिकवलं. ते कसं, तेही लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही. समोर रांग असतानाच शिकवायचो. मराठी शब्द येत असून इंग्रजी वापरायचो. त्यांचं बोट चुकलं की मोठ्याने म्हणायचो, "भाऊसाहेब, परत? काल सांगितलं होतं." रांगेतले लोक हसायचे. ते एका पाठकोऱ्या कागदावर सगळं उतरवून घ्यायचे, एक, दोन, तीन असे आकडे घालून, शाळेतल्या मुलासारखे. एकदा त्यांनी विचारलं, "विषय चुकला तर दुरुस्त होतो का रे?" मी म्हणालो, "विषय होतो, नाव होतं. तारीख होत नाही. तारीख विसरा आता." माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "बरं."

पाच-सहा महिने गेले. माझ्या लॉगिनमध्ये सगळ्यांच्या नोंदी आणि त्यांत झालेले बदल दिसायचे. मॅडमना एक यादी हवी होती म्हणून मी नोंदी चाळत होतो. एका दिवसाची शेवटची नोंद दिसली: पाठवणार: विविध, विषय: विविध. उघडून पाहिलं तर स्कॅनमध्ये कोरा कागद. त्याच्या वरची नोंद उघडली. तिथेही विविध, तिथेही कोरा कागद. वेळ संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं. आदल्या दिवशी पाहिलं. दोन. त्याच्या आदल्या दिवशी. दोन.

मी खुर्चीत मागे टेकलो. यंत्र स्कॅनशिवाय क्रमांक देत नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी दोन कोरे कागद काचेवर ठेवत होते. आजच्या तारखेचे दोन क्रमांक घेऊन ठेवायचे, उद्या-परवा कोणी आलं की नाव आणि विषय बदलायचा आणि खरा अर्ज जोडायचा. ज्यांना माऊस नीट धरता येत नाही म्हणून मी रांगेला हसवत होतो, त्यांनी माझ्या यंत्राला दोन रिकाम्या ओळी शिकवल्या होत्या. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. कौतुक वाटल्याचा पुन्हा राग आला.

बदललेल्या नोंदी मी एकेक पाहिल्या. पेठकडच्या एका अंगणवाडी मदतनीस बाईचा अर्ज होता, एक दिवस उशिरा आलेला. एका अपंग माणसाचा होता. एका पुढाऱ्याच्या भाच्याचा होता, आणि आमच्याच एका वरिष्ठांचा खुलासाही होता. चांगल्याला ओळ मिळत होती, वाईटालाही मिळत होती. कोणाला द्यायची ते भाऊसाहेबांची मर्जी ठरवत होती. पेठच्या बाईचं काम झालं याचा मला आनंद आहे. पण त्याच मर्जीने माझ्या आईचा डोळा ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

मी प्रिंट काढल्या नाहीत. मॅडमकडे गेलो नाही. नुसतं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, वय झालं, चुकून क्रमांक पडतात, आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं नव्हतं. मी थांबलो. हे थांबणं मला आवडत होतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास स्कॅनरचा उजेड सरकायचा, एकदा, दोनदा, आणि मी माझ्या टेबलावरून मोजायचो.

पुन्हा विनंती बदल्यांचे अर्ज मागवले. शुक्रवारी मुदत संपली. मी अर्ज केला नव्हता. आई आता नाशकातच होती, डॉक्टर इथलेच होते, सटाण्याला जाऊन करायचं काय? मंगळवारी भाऊसाहेब माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. हातात चहाचे दोन कप.

"अर्ज नाही दिलास यंदा? सटाण्याची जागा रिकामी आहे."

"मुदत गेली."

"मुदत माझ्याकडे आहे," ते हळूच म्हणाले. "शुक्रवारच्या दोन आहेत. एक तुझी. मागच्या वेळचं माझ्या मनात आहे रे. बोललो नाही, पण आहे. जाण्याआधी तेवढं फेडू दे."

ताई फाईलमध्ये डोकं घालून ऐकत होत्या. म्हणाल्या, "घे रे, भाऊसाहेबांची लॉटरी सगळ्यांना लागत नाही."

मी चहा घेतला. "दुपारी आणतो," म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन आईला थेंब टाकले आणि तिच्या शेजारी बसून अर्ज लिहिला. विषय: विनंती अर्ज. पहिल्या परिच्छेदात माझं नाव आणि पद. दुसऱ्यात जुन्या वहीतल्या दोन ओळींची हकिकत. तिसऱ्यात लिहिलं की यंत्रात रोज कोऱ्या कागदांवर दोन क्रमांक राखून ठेवले जातात, आणि प्रस्तुत अर्जाचीच नोंद त्याचा पुरावा आहे. अर्जावर आज मंगळवारची तारीख आहे, नोंदीवर शुक्रवारची असेल. चौकशी व्हावी ही विनंती. सही केली, खाली तारीख घातली, ठळक.

तीन वाजता अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, विषय पाहिला आणि शुक्रवारची नोंद उघडली. दोन बोटांनी माझं नाव टाईप केलं. विषयातलं 'विविध' खोडून 'विनंती अर्ज' लिहिलं. कागद काचेवर पालथा ठेवला. उजेड सरकला. स्क्रीनवर माझं अक्षर उमटलं, आख्खं पान, आणि त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे चारी कडा सारख्या कापल्या. कडा कापायला वेळ लागतो. पान त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी वाचलं नसेल, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

मग मॅडमच्या नावापुढे बटण दाबलं आणि पोचेची प्रिंट काढली. वर शिक्काही मारला, यंत्राच्या पोचेवर शिक्का लागत नाही तरी.

"घे," ते म्हणाले. "या वेळी पोच घे. आता राग सोड."

मी पोच खिशात ठेवली. आयुष्यात इतका आनंद मला नेमणुकीच्या आदेशानेही झाला नव्हता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं.

चार वाजता मॅडमनी दोघांनाही बोलावलं. त्यांच्या समोर स्क्रीनवर माझा अर्ज आणि बाजूला नोंदीतल्या बदलांची यादी.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. "यातला एक बदल तुमच्यासाठी झालाय. कळतंय ना?"

"हो मॅडम."

"भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी स्क्रीनवरचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. किंवा वाचल्यासारखं केलं. मग म्हणाले, "नोंद माझी आहे. सगळ्याच माझ्या आहेत. याचा दोष नाही. मीच सांगितलं अर्ज आण म्हणून. पोरगं आपल्यातलं आहे, मॅडम, त्याला यात ओढू नका."

माझ्या कानशिलांना आग लागली. इतकं करूनही मी त्यांच्या दृष्टीने आपल्यातलाच होतो. समजावता येण्यासारखा, सांभाळून घेता येण्यासारखा. मी म्हणालो, "मॅडम, अर्ज मी समजून-उमजून त्या क्रमांकावर दिला. मलाही नोटीस द्या. लेखी द्या."

मॅडमनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघांनाही मिळेल," त्या म्हणाल्या.

मिळाली. माझ्या सेवापुस्तकात सक्त ताकीद आहे, लाल शाईत. त्यांची विभागीय चौकशी लागली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ती संपली नाही तर पेन्शन अडकते, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही अर्ज लिहिताना माहीत होतं. यंत्रातला विषय बदलायचा पर्याय वरून बंद झाला. आता नोंद पडली की पडली. ताई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. शिपाईमामा चहा आणायचे, पण माझा कप शेवटी ठेवायचे, गार झालेला. भाऊसाहेबांना अभिलेखात बसवलं आणि आवक टेबल मला दिलं.

आईला मी सगळं सांगितलं. नऊचे थेंब टाकून झाले होते, ती डोळा मिटून पडली होती. मला वाटलं, ती म्हणेल बरं झालं.

तिने विचारलं, "ती ओळ तुले त्यानी आपल्याच मनथीन दिधी?"

"हो."

"म्हंजे त्याले याद व्हतं."

एवढंच बोलली आणि कुशीवर वळली. मी दिवा मालवला. मला तिच्याही बोलण्याचा राग आला. याद असून काय उपयोग, हे मी तिला विचारू शकलो असतो. डोळा तिचा गेला होता.

आवक टेबलावर मी प्रत्येक अर्ज आख्खा वाचतो. विषय, पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा, जोडलेले कागद. रांग वाढते. लोक ओरडतात. "अहो साहेब, पेपर वाचताय का?" मी वाचत राहतो. आणि सव्वासहाला टेबल बंद करतो. मागच्या महिन्यात सुरगाण्याकडचा एक म्हातारा मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. अर्ज मी पूर्ण वाचला. त्याचं म्हणणं खरं होतं. बसचं तिकीटही त्याने जोडलं होतं. मी त्याला त्याच दिवसाची तारीख दिली. तो पोचेची घडी घालून निघाला. अभिलेखाच्या दारात उभे असलेले भाऊसाहेब ते बघत होते.

त्यानंतर आठवड्याने ते स्वतः माझ्या रांगेत उभे राहिले. मधून पुढे आले नाहीत. त्यांच्या आधी चारजण होते. नंबर आला तेव्हा त्यांनी अर्ज पुढे केला. विषय: विभागीय चौकशी निवृत्तीपूर्वी पूर्ण करणेबाबत. त्यांचं तेच सुंदर अक्षर.

"ठेवा तिथे, टाकतो नंतर," असं म्हणायची मला फार इच्छा झाली. शब्द जिभेवर होते. दोन वर्षं मी त्या चार शब्दांसाठी जगलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

मी अर्ज वाचायला घेतला. सावकाश वाचला. त्यांना उभं ठेवून वाचला. पहिल्या परिच्छेदात नाव आणि पद. दुसऱ्यात सर्व आरोप मान्य असल्याचं लिहिलं होतं, त्यामुळे साक्षीपुराव्याची गरज नाही आणि चौकशी लवकर संपू शकते. तिसऱ्यात पत्नीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेविषयी होतं. पेन्शन सुरू झाल्याशिवाय ती करता येत नाही. सोबत डॉक्टरांचा कागद. मागची माणसं चुळबुळ करत होती. तिसरा परिच्छेद मी दुसऱ्यांदा वाचला, बोट ठेवून, त्यांना दिसेल असा.

"वाचलास ना नीट?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"मीही वाचला होता," ते म्हणाले. "तुझा. मंगळवारचा. कडा कापताना." आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नाव टाईप केलं, विषय टाईप केला, कागद काचेवर पालथा ठेवला. उजेड सरकला. यंत्राने आजची तारीख टाकली, बारा वाजून चाळीस मिनिटं. पोच छापली. त्यांचा हात पुढे होता.

शिक्का मारायची गरज नव्हती, मी मारला. जोरात मारला, टेबल हललं. मग पोच त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "पुढचे."